उशाला सिपादान, घशाला कोरड: डायव्हिंगचा पैसा शेजारच्या वस्तीत का पोचत नाही?

मलेशियातल्या सिपादान बेटाचे रील्स हल्ली फीडमध्ये सारखे येतात. निळंशार पाणी, डोक्यावरून आरामात जाणारं कासव, हजारो बाराकुडा माशांची गरगर फिरणारी भिंगरी. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियाला जायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे आपल्याकडची मंडळीपण आता डायव्हिंगचं कार्ड काढून तिकडे निघालीत. आणि त्याच्या मागोमाग दुसरे रील्स येतात. इवलीशी होडी, त्यात पाच-सहा वर्षांची दोन पोरं, वल्हं मारत टुरिस्ट बोटीजवळ येतात आणि हात पुढे करतात. खाली कमेंट्समध्ये ठरलेलं भांडण: इतका पैसा येतो तिथे तरी ही पोरं अशी का, सरकार झोपलंय का, की यांना कामच करायचं नाही वगैरे वगैरे.

आपल्याकडे एक म्हण आहे, धरण उशाला आणि कोरड घशाला. इथे अगदी तेच झालंय. फक्त कोरड का पडली ते समजायला थोडं मागे जावं लागतं, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

आधी जागा समजून घ्या

बोर्निओ बेटाच्या उत्तरेला मलेशियाचं सबाह राज्य आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर सेम्पोर्ना नावाचं गाव. विमानाने तवाऊला उतरायचं, तिथून गाडीने सेम्पोर्ना, मग बोट. पुढे मबुल नावाचं बेट लागतं आणि तिथून अजून साधारण अर्ध्या तासावर सिपादान. सिपादान म्हंजे विझलेल्या ज्वालामुखीच्या डोक्यावर प्रवाळ वाढत वाढत तयार झालेलं टोक, समुद्रतळापासून जवळपास ६०० मीटर वर आलेलं. म्हणून किनाऱ्यापासून चार पावलं गेलं की जमीन एकदम संपते आणि खाली काळीभोर खोली. डायव्हिंगवाले याला ड्रॉप-ऑफ म्हणतात, आणि मोठे मासे, कासवं सगळी तिथेच.

१९८० च्या दशकात समुद्रावर फिल्म करणारे फ्रेंच जाक कुस्तो इथे शूटिंग करून गेले आणि जगाला हे बेट कळलं. मग रिसॉर्ट आले. बेट नक्की कुणाचं यावर मलेशिया आणि इंडोनेशियाचं भांडण झालं, ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २००२ मध्ये निकाल मलेशियाच्या बाजूने लागला. यातली एक मजा सांगतो. निकालात ज्या गोष्टी धरल्या त्यात ब्रिटिश काळापासून तिथे कासवांची अंडी कुणी गोळा करायची याचे नियम कोण करत होतं, हा पण एक मुद्दा होता. कासवाच्या अंड्यांचा कागदसुद्धा बेट मिळवायला कामी आला. हा कागदाचा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

२००४ संपेपर्यंत सिपादानवरची सगळी रिसॉर्ट हलवली. प्रवाळ वाचवायला हे बरोबरच होतं. तेव्हापासून रोज ठरावीक लोकांनाच परमिट मिळतं, सुरुवातीला तो आकडा १२० होता. मग राहायचं कुठे? मबुलवर, कापालाईवर किंवा सेम्पोर्नात. मबुलशेजारी तर समुद्रात उभा असलेला एक जुना ऑइल रिगसुद्धा डायव्हिंग हॉटेल झालाय. त्याच मबुलवर, रिसॉर्टच्या लाकडी पुलापासून चालत काही मिनिटांवर, पाण्यात खांब रोवून उभ्या केलेल्या झोपड्या आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांकडे जन्मदाखला नाही, शाळा नाही, प्यायचं पाणी कॅनमध्ये भरून आणावं लागतं.

पैसा येतो, पण थांबत नाही

आता अर्थशास्त्रातला एकच शब्द शिकून घेऊ: लीकेज, म्हंजे गळती. टुरिस्टने खर्च केलेल्या पैशातला जो भाग त्या जागेत न राहता बाहेर निघून जातो तो. असं समजा की तुम्ही आठवड्याचं पॅकेज घेतलं. विमानाचे पैसे एअरलाइनला. बुकिंग साइटने स्वतःचं कमिशन कापलं. रिसॉर्टचा मालक बहुतेक वेळा सबाहच्या राजधानीत कोटा किनाबालूला, क्वालालंपूरला नाहीतर परदेशात. टँक, रेग्युलेटर, कंप्रेसर, बोटीचं इंजिन सगळं बाहेरून आलेलं. शिकवणारा इन्स्ट्रक्टर युरोपातला किंवा चीनमधला, तो पगार साठवून पुढच्या देशात जाणार. जेवणातल्या कितीतरी गोष्टीसुद्धा बोटीने आणलेल्या. परदेशी पाहुण्याकडून खोलीमागे रोज १० रिंगिट (मलेशियाचं चलन) टुरिझम टॅक्स घेतात, २०१७ पासून, तो केंद्र सरकारचा कर आहे.

मग उरलं काय? बोट चालवणारा, भांडी घासणारी, खोल्या झाडणारा, सिलिंडर उचलणारा, यांचे पगार, आणि किचनला विकलेली थोडी मासळी.

इंटरनेटवर एक आकडा फार फिरतो, की टुरिस्टच्या १०० डॉलरमधले फक्त ५ गरीब देशात राहतात. तो सरसकट कुठेही चिकटवू नका. मोठ्या देशात, जिथे पलंगापासून साबणापर्यंत सगळं तिथेच बनतं, तिथे गळती कमी असते. बेटावर सगळं आणावं लागतं म्हणून जास्त. मलेशिया देश म्हणून बघितलात तर गळती फार नाही, पैसा देशातच राहतो. मबुल वस्ती म्हणून बघितलात तर चित्र वेगळं. म्हणजे गळती किती हे तुम्ही हद्द कुठे आखता त्यावर आहे.

मला विचाराल तर गळती हा शब्दच जरा उलटा वाटतो. धरणातून शहराकडे जाणारी मोठी पाइपलाइन आठवा, ती एखाद्या वाडीच्या दारावरून जाते, वाडीत नळ नाही, पण एखाद्या जॉइंटमधून थेंब थेंब पाणी झिरपतं आणि तिथे बायका हंडे लावून बसतात. पाइपातलं पाणी ठरल्या जागी बरोबर पोचतंय. गळून खाली पडतं तेवढंच वाडीचं. सिपादानचा पैसा असाच आहे, आणि मबुलच्या त्या पोरांची होडी म्हंजे जॉइंटखाली लावलेला हंडा.

पण झिरपलेलं सुद्धा सगळ्यांना का मिळत नाही?

इथे खरी गोम आहे. जगात बऱ्याच टुरिस्ट जागी गळती आहे, तरी आजूबाजूचे लोक हळूहळू काहीतरी जम बसवतात. कुणी होमस्टे काढतं, कुणी बोट घेतं, कुणाचा मुलगा डाइव्हमास्टर होतो, म्हंजे ग्रुपला पाण्याखाली घेऊन जाणारा गाइड. सेम्पोर्नाच्या आसपास राहणाऱ्या बजाऊ लाउत लोकांना हेच करता येत नाही.

बजाऊ लाउत म्हणजे समुद्रावरचे बजाऊ. पिढ्यान् पिढ्या लेपा नावाच्या होडीत राहणारे, मासळीमागे फिरणारे. सुलू समुद्रापासून खाली सुलावेसीपर्यंत यांचा वावर, आणि तो फिलिपिन्स, मलेशिया, इंडोनेशिया अशी नावं नकाशावर यायच्या कितीतरी आधीपासूनचा. जमिनीवर स्थिरावलेले बजाऊ वेगळे, ते मलेशियाचे नागरिक आहेत, सेम्पोर्नात त्यांचीच संख्या मोठी. होडीतल्या लोकांना तिथे 'पालाउ' म्हणून हिणवतात. सबाह १६ सप्टेंबर १९६३ ला मलेशियात आलं, नोंदणी झाली, ओळखपत्रं निघाली, आणि जे त्या दिवसांत समुद्रावर होते, ज्यांना लिहिता येत नव्हतं, ज्यांना सरकार म्हंजे काय हेच माहीत नव्हतं ते राहून गेले. राहिलेल्यांची मुलं राहिली आणि मग नातवंडं राहिली.

अशा माणसाला स्टेटलेस म्हणतात, कुठल्याच देशाचा नागरिक नसलेला. मलेशियात नुसतं जन्मून नागरिकत्व मिळत नाही, आई किंवा वडील नागरिक असावे लागतात. घटनेत एक तरतूद आहे, की मलेशियात जन्मलेलं मूल दुसऱ्या कुठल्याच देशाचं नागरिक नसेल तर त्याला नागरिकत्व मिळू शकतं. पण आपण कुठल्याच देशाचे नाही हे सिद्ध कसं करणार? त्याला पण कागद लागतो. आणि कागद नाही हीच तर मूळ अडचण.

आयसी, म्हणजे तिकडचं ओळखपत्र, नसलं की काय काय बंद होतं ते बघा. सरकारी शाळा. बँक खातं. बोटीचं लायसन्स. कायदेशीर नोकरी. सरकारी दवाखान्यात परदेशी माणसाच्या दराने बिल, त्यामुळे लोक जातच नाहीत. पोलिसांनी हटकलं तर अटकेची भीती. होमस्टे काढायचा तर जमीन आणि परवाना कुणाच्या नावावर? टुरिस्टचा पैसा आता कार्डावरून आणि अॅपवरून येतो, तो घ्यायला खातं कुठलं? डायव्हिंगच्या कोर्सला फी, पुस्तक, वैद्यकीय फॉर्म. पैसा कागदाच्या रुळावरून धावतो, आणि यांच्या दाराला रूळच नाही.

आणि गंमत (कडू आहे) अशी की पाण्याखाली यांच्याएवढं पटाईत कुणी नसेल. २०१८ मध्ये 'सेल' या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास आला, इंडोनेशियातल्या बजाऊ लोकांवर केलेला. त्यांची प्लीहा शेजारच्या जमिनीवरच्या समाजापेक्षा जवळपास ५० टक्के मोठी निघाली. प्लीहा म्हंजे पोटात डावीकडे असलेला अवयव, श्वास रोखून बुडी मारली की तो आकसतो आणि ऑक्सिजनवालं जास्तीचं रक्त शरीरात सोडतो. म्हणजे या समाजाचं शरीरच पिढ्यान् पिढ्या बुड्या मारून तसं घडलंय. आपण चार दिवसांचा कोर्स करून १८ मीटरपर्यंत जायचं कार्ड मिळवतो आणि स्टेटस टाकतो, आणि ज्यांच्या अंगात हे मुरलंय ते वर होडीत बसून बिस्किटाचा पुडा मागतात.

बरं, सरकारी आकड्यात तरी दिसतात का? २०२२ च्या सरकारी आकड्यांनुसार मलेशियात गरिबीचं प्रमाण ६.२ टक्के, सबाहमध्ये १९.७ टक्के. तिपटीहून जास्त. आणि ती मोजणी नागरिकांच्या घरांची. गरीब म्हणून मोजलं जायला पण आयसी लागतं!

"पण हे लोक बॉम्ब लावून मासे मारतात, त्याचं काय?"

हो, मारतात. सगळे नाही, पण तिथल्या समुद्रात हे चालतं आणि ते भयंकर आहे, यात सारवासारव नको. बाटलीत खत भरून, वात लावून पाण्यात टाकायची, धमाक्याने मासे मरून तरंगतात आणि शेकडो वर्षांचं प्रवाळ खडी होऊन पडतं. दुसरा प्रकार सायनाइडचा. ग्रुपरसारखे मासे विष फवारून गुंगवायचे आणि जिवंत पकडायचे, कारण हाँगकाँगच्या हॉटेलांत जिवंत माशाला भाव. तो मासा विकत घेतो तौके, म्हणजे तिथला व्यापारी. डिझेल, इंजिन, तांदूळ उधारीवर देणारा पण तौकेच, त्यामुळे पकडणारा त्याच्या वहीत कायमचा अडकलेला. काही जण कंप्रेसरला जोडलेली प्लास्टिकची नळी तोंडात धरून खोल जातात, आणि वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन लुळे पडतात. टुरिस्टला हेच होऊ नये म्हणून मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर असतो.

आता यामागचं गणित बघा. पॅसिफिक महासागरातल्या पालाऊ नावाच्या देशात २०११ मध्ये अभ्यास झाला, की डायव्हिंगच्या जागेवरचा एक जिवंत रीफ शार्क आयुष्यभरात साधारण १९ लाख डॉलरचं पर्यटन देतो, तोच मारून विकला तर १०८ डॉलर. हा आकडा मग जगभर फिरला, बघा जिवंत मासा किती फायद्याचा म्हणून. हिशेब बरोबर आहे. फक्त एक प्रश्न राहतो, ते १९ लाख मिळतात कुणाला? ज्याच्या खिशात त्यातले दहा डॉलर पण येणार नाहीत त्याच्यासाठी शार्कची किंमत १०८ च आहे, आणि ते आज संध्याकाळी मिळणार आहेत. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या जागेवरून त्याचा हिशेब चुकत नाही. हिस्सा नसलेल्या माणसाने राखण करावी ही अपेक्षाच जरा अजब आहे.

"मुळात ते तिथले नाहीतच ना, फिलिपिन्समधून आलेत"

काही आलेत. १९७० च्या दशकात दक्षिण फिलिपिन्समध्ये युद्ध पेटलं तेव्हा हजारो लोक सबाहला पळून आले, त्यांना वेगळे पासही दिले होते. त्यामुळे एकाच वस्तीत निर्वासितांची नातवंडं, कामासाठी नंतर आलेले आणि पिढ्यान् पिढ्या इथल्याच पाण्यात राहिलेले असे सगळे सापडतात, आणि बाहेरून कोण कुठला ते कळत नाही. सबाहमधल्या सामान्य माणसाला वाटणारी भीती पण खोटी नाही. २३ एप्रिल २००० ला अबू सय्यफ या फिलिपिन्समधल्या सशस्त्र संघटनेच्या लोकांनी सिपादानवरून टुरिस्ट आणि कामगार मिळून २१ जणांना उचलून तिकडच्या होलो बेटावर नेलं होतं. २०१३ मध्ये सबाहच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लहद दातूला दक्षिण फिलिपिन्समधल्या सुलूहून सशस्त्र टोळी उतरली. त्यानंतर पूर्व किनाऱ्यासाठी सुरक्षेची वेगळी यंत्रणा आली आणि समुद्रावर संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी लागली.

टुरिस्टला त्या संचारबंदीचा काय त्रास? तो सहा वाजता डेकवर फोटो काढतो. मासळी मात्र रात्रीची. रात्री जायचं तर परवानगी काढा, परवानगीला कागद दाखवा, आणि पुन्हा आपण तिथेच येतो. शिवाय "परत पाठवा" म्हणणाऱ्यांना विचारायला हवं, कुठे? फिलिपिन्सकडे पण यांची नोंद नाही.

२०२४ मध्ये काय झालं

सेम्पोर्नाच्या उत्तरेला तुन सकरान मरीन पार्क आहे, २००४ मध्ये राखीव केलेलं. बोहे दुलांगच्या टेकडीवरून काढलेला निळ्या सरोवराचा तो फोटो तुम्ही बघितला असेल, तो इथलाच. जून २०२४ मध्ये तिथल्या बेटांवरची बजाऊ लाउत लोकांची घरं पाडली. राज्य सरकारने १३८ बेकायदा बांधकामं पाडल्याचं सांगितलं, कारण दिलं बिनपरवाना बांधकाम आणि सुरक्षा. कार्यकर्त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ५०० हून जास्त लोक बेघर झाले. कायद्याने बघितलं तर पार्कात बिनपरवाना घर म्हंजे अतिक्रमणच. पण परवाना ज्याला मिळूच शकत नाही त्याचं प्रत्येक घर, कुठेही बांधलं तरी, अतिक्रमणच ठरणार की.

आणि दरवर्षी एप्रिलमध्ये त्याच सेम्पोर्नात रेगाटा लेपा नावाचा मोठा उत्सव भरतो, १९९४ पासून. रंगीबेरंगी शिडांनी सजवलेल्या लेपा होड्या, नाच, टुरिस्टांची गर्दी, सरकारी पोस्टर. होडीची मिरवणूक निघते, होडीत राहणाऱ्याला हाकलतात. यावर मी जास्त काही बोलत नाही.

कुठे जमलंय का मग?

जमलंय. जवळच फिलिपिन्समध्ये आपो नावाचं छोटं बेट आहे. तिथे पण बॉम्बने मासेमारी चालायची. सिलिमन विद्यापीठाचे आंजेल अल्काला आणि त्यांची माणसं लोकांशी बोलत बसली आणि १९८२ मध्ये गावाने स्वतःच्या समुद्राचा एक तुकडा स्वतःच बंद केला. मासे वाढले, शेजारच्या पाण्यातली पकड सुधारली, मग डायव्हर यायला लागले आणि त्यांच्याकडून फी घ्यायला सुरुवात झाली, त्यात गावाचा वाटा. राखण गावकरीच करतात. मालदीवमध्ये पण आधी रिसॉर्टची बेटं वेगळी आणि लोकांची बेटं वेगळी असा कडक हिशेब होता, २००९ नंतर साध्या बेटांवर गेस्टहाउस काढायला परवानगी मिळाली आणि सामान्य कुटुंबं धंद्यात आली.

पण या दोन्हीकडे एक गोष्ट आधीपासून होती. ते लोक त्या देशाचे नागरिक होते. आपोच्या माणसाला मत आहे, त्यामुळे गावाचा ठराव करता येतो, फीचा हिशेब मागता येतो. बजाऊ लाउतांना मतच नाही, मग त्यांच्यासाठी भांडून कुठल्या पुढाऱ्याला काय मिळणार? म्हणून "डायव्हिंग वाढलं की गरिबी आपोआप जाईल" हे मला पटत नाही. पाइपलाइन जाडी केली म्हणून वाडीला नळ येत नसतो.

"मग आम्ही जायचं का नाही?"

जा की. तुम्ही न गेल्याने कुणाला आयसी मिळणार नाही, उलट झिरपणारं जे थोडं आहे ते पण आटेल, कोविडच्या काळात बेटं बंद होती तेव्हा ते दिसलंच. पण बुकिंग करताना डाइव्ह शॉपला दोन-तीन गोष्टी विचारायला काही जात नाही: तुमचे डाइव्हमास्टर सेम्पोर्नाचे किती, मासळी कुणाकडून घेता, कचरा आणि सांडपाणी कुठे जातं. तिथला कचरा बघून लोक वस्तीवर भडकतात, पण वस्तीत कचऱ्याची बोट येतच नसेल तर तो जाणार कुठे? शॉपवाला उत्तर द्यायला टाळाटाळ करतो का, यावरूनच बरंच कळतं.

होडीतून येणाऱ्या पोरांना पैसे द्यायचे का? माझं मत नाही. दिले की उद्या शाळेऐवजी होडीच. आता तुम्ही म्हणाल शाळा आहेच कुठे, आणि ते खरंय, सरकारी नाही. पण सेम्पोर्नात आणि आसपासच्या बेटांवर स्वयंसेवकांनी चालवलेल्या छोट्या पर्यायी शाळा आहेत, लाकडी फळ्यांच्या, तिथे ही पोरं लिहायला वाचायला शिकतात. द्यायचेच तर तिथे द्या. आणि त्या पोरांचे क्लोज-अप काढून रीलवर टाकू नका. त्यांना कुणी विचारलेलं नसतं, आणि ज्या घराला कागद नाही त्याचा चेहरा आणि पत्ता जगाला दाखवणं हे नुसतं वाईट दिसत नाही, त्यांना महागात पण पडू शकतं.